चित्रीचे चौतीस तास

आमच्याकडे दुधाचा हिशोब अजून वहीत लिहितात. १४ आणि १५ जानेवारी २०२४ या तारखांच्या पानांवर दुधाच्या लिटरांखाली माझ्याच अक्षरात घड्याळाच्या वेळा आहेत: औषध कधी दिलं, पाणी कधी घेतलं, पट्टी कधी बदलली. पुढचा घटनाक्रम त्या दोन पानांवरून लावला आहे. लिहिताना वाटत होतं, मी उपचारांची नोंद ठेवते आहे. आज शेवटाकडून उलटं मोजत आले की प्रत्येक वेळेपुढे एक दुसरा आकडा दिसतो. किती तास उरले होते, आणि त्यातले किती मी तिच्यासाठी वापरले नाहीत.

रविवार, १४ जानेवारी, सकाळी ६.३०. उरले ३४ तास

बडोद्यात मांजलपूरला आमचं जुनं बैठं घर आहे. मागे परस, परसात कडुनिंब, त्याखाली धुण्याचा दगड आणि भिंतीला लागून खुराडं. खुराड्यात दोन गिनी फाऊल. पादऱ्याकडच्या एका शेतावरून त्याच्या दोन वर्षं आधी आणलेले. राखाडी अंगावर पांढरे ठिपके, डोक्यावर पिसं नाहीत, फक्त शिंगासारखा एक उंचवटा. पक्षी मूळचा आफ्रिकेतला. आपल्याकडे इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने त्याचे कादंबरी, चितांबरी आणि श्वेतांबरी असे वाण काढले आहेत. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, कोंबडीचं नाव 'कादंबरी' असतं याचं फार हसू यायचं. आमच्या जोडीची नावं साधी होती: टकल्या आणि चित्री.

दिसायला दोघं इतके सारखे की पाहुण्यांना फरक कळत नसे. फरक आवाजात. नर एकाच सुराची किरकिर करतो. दोन अक्षरी साद फक्त मादी घालते. चित्रीची साद आमच्या घरात सगळ्यांना 'ये-की, ये-की' अशी ऐकू यायची. साप, मांजर, मीटर बघायला आलेला माणूस, कुणीही दिसलं तरी ती हेच ओरडायची.

उत्तरायणाचे दोन दिवस ही जोडी खुराड्यात बंद ठेवायची, हा घरचा नियम. गिनी फाऊल जमिनीवर झोपत नाहीत. दिवे लागणीला झाडावर उडतात, आणि पतंगांच्या दोऱ्यांचं जाळं नेमकं तिथेच असतं. सकाळी दाणापाणी आत ठेवून मी कडी घातली.

सकाळी ११.३०. उरले २९ तास

सगळं गाव धाब्यावर. चारी बाजूंनी 'काप्यो छे!' आणि भोंगे. खाली उंधियुं-जिलेबीच्या पिशव्या आलेल्या. गुजरातचं उत्तरायण तारखेला बांधलेलं, दरवर्षी १४ जानेवारीला. आपली संक्रांत पंचांगाला बांधलेली, त्या वर्षी ती १५ तारखेला होती. बडोद्यातल्या मराठी घरांना हा घोळ सवयीचा आहे. आज पतंग, उद्या वासी उत्तरायण आणि तिळगूळ.

माझा मुलगा गेंडीगेटहून फिरकी घेऊन आला होता. दोरा सुती आहे की नाही, हे मी बोटांनी चाचपून बघितलं. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जुलै २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे. आमचा दोरा सुतीच निघाला. पण आकाशात कुणाचा दोरा कुठला, हे कोण सांगणार? आणि काचेची भुकटी चढवलेला सुती दोराही कापतोच. तो फक्त आधी तुटतो, एवढंच.

दुपारी ३.३०. उरले २५ तास

खुराड्यातला आरडाओरडा सकाळपासून थांबला नव्हता. फटाका वाजला, भोंगा वाजला की दोघं जाळीवर आपटायचे. आईंची दुपारची झोप मोडली. "अगं, सोड त्यांना घटकाभर. कुठे जाणार आहेत?" त्या म्हणाल्या. मी वर पाहिलं. परसावर त्या वेळी दोरा नव्हता. पाच वाजता परत आत घालू, असं म्हणून मी कडी काढली.

वहीत ही नोंद नाही. ही वेळ मला तशीच पाठ आहे.

संध्याकाळी ५.३०. उरले २३ तास

पाच वाजता मी धाब्यावर होते. खाली उतरायचं राहून गेलं.

साडेपाचला 'ये-की' ऐकू आलं आणि मध्येच तुटलं. मी जिन्यावरून धावले. चित्री कडुनिंबाच्या खालच्या फांदीखाली लटकत होती. जमिनीपासून आठ-नऊ फूट. शेजारच्या टाकीपासून फांदीपर्यंत हिरवा दोरा ताणलेला, आणि त्यात तिचा डावा पंख खांद्याजवळ अडकलेला. एका पंखावर सगळं वजन घेऊन ती गोल फिरत होती. खालच्या दगडावर रक्ताचे थेंब वर्तुळात पडत होते.

अशा वेळी काय करायचं ते मी अनेकदा वाचलेलं आहे. एकाने खालून पक्ष्याला आधार द्यायचा, दुसऱ्याने शिडीवर चढून दोरा दोन्ही बाजूंनी कात्रीने कापायचा, अंगात रुतलेला तुकडा तसाच ठेवायचा. शिडी धाब्याला लावलेली होती. हातापाशी साड्या वाळत घालायची काठी होती. मी काठीने दोरा पकडला आणि ओढला.

दोरा फांदीवरून निसटला. चित्री सरळ खाली धुण्याच्या दगडावर पाठीवर पडली.

संध्याकाळी ५.४०. उरले २२ तास ५० मिनिटं

ह्यांनी तिला टॉवेलात घेतलं. पंखाच्या वरच्या हाडाचं टोक बाहेर आलं होतं, पेन्सिलीएवढं जाड आणि आत पोकळ. आई हळदीचा डबा घेऊन आल्या. मी त्यांचा हात धरला. उघड्या हाडात हळद भरली की ती धुऊन काढणं डॉक्टरलाही कठीण जातं. आईंना ते लागलं, पण त्या गप्प राहिल्या.

चित्रीचं वजन दीड किलोच्या आतलं. एवढ्या पक्ष्याच्या अंगात रक्त साधारण शंभर मिलिलिटर, म्हणजे घरातला एक छोटा चहाचा कप. त्यातला तिसरा हिस्सा गेला की जीव धोक्यात. स्वच्छ गॉजची घडी जखमेवर धरून मी घड्याळ लावून पाच मिनिटं दाबली, मध्ये उचलून बघितलं नाही. रक्त थांबलं. पंख शरीरालगत मिटवून पट्टी बांधली, छातीवर सैल ठेवून. आपल्यासारखं श्वासपटल पक्ष्याला नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हलवूनच तो श्वास घेतो, त्यामुळे छाती आवळली तर तो गुदमरतो. मग पुठ्ठ्याचा खोका, आत मऊ कापड, वर झाकण, शेजारी गरम पाण्याची बाटली. अंधार, ऊब आणि शांतता. घाबरलेल्या पक्ष्याला पहिल्या तासात एवढंच हवं असतं. चोचीत पाणी ओतायचं नाही, ते श्वासनळीत जातं.

हे सगळं बरोबर केलं. पण याच दहा मिनिटांत मी आईंच्या गुडघेदुखीची पाव गोळी कुटून पाण्यात कालवून ठेवली होती, डॉक्टरांनी हो म्हटलं तर द्यायला. ती गोळी डायक्लोफेनॅकची होती.

संध्याकाळी ७.३०. उरले २१ तास

गुजरातेत १९६२ हा आजारी-जखमी जनावरांसाठीचा नंबर आहे. २०१७ पासून शहरांत त्याच्या करुणा ॲम्ब्युलन्स फिरतात, त्या बेवारस प्राण्यांसाठी. आमचा पक्षी पाळीव आणि आम्ही चालते-फिरते, म्हणून आम्हीच खोका घेऊन उपचार केंद्रावर गेलो. दरवर्षी जानेवारीच्या मध्यात सरकारच्या करुणा अभियानात वनखातं, पशुसंवर्धन खातं आणि स्वयंसेवक मिळून अशी केंद्रं चालवतात.

लांब टेबलावर एका ओळीत खोके. कबुतरं, दोन शराट्या, डोळ्यांवर फडकं टाकलेली एक घार. एक मुलगी वहीत नंबर घालत होती. डॉक्टर तरुण, कपाळाला बॅटरी, सकाळपासून उभे. त्यांनी आधी विचारलं, घरी काय दिलं? गोळी कुटली होती पण दिली नाही, असं मी सांगितलं. "बरं केलंत," ते म्हणाले. याच औषधाने भारतातली गिधाडं संपत आली. ते दिलेली जनावरं मेली, ती गिधाडांनी खाल्ली आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. गिधाडांना न मारणारं म्हणून पुढे आलेलं मेलॉक्सिकॅमच त्यांनी चित्रीला टोचलं. शिवाय एक प्रतिजैविक, आणि बजावलं की आता हिची अंडी खायची नाहीत.

मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि जखमेवर उजेड पाडला. हाडाच्या पोकळ टोकाशी रक्ताचा एक बुडबुडा होता. तो फुगायचा आणि बसायचा, फुगायचा आणि बसायचा. मला आधी कळलंच नाही. पक्ष्यांत दंडाचं हाड श्वासाच्या पिशव्यांना जोडलेलं असतं. चित्री तुटलेल्या हाडातून श्वास घेत होती. म्हणूनच अशा जखमेत पाणी भसाभस ओतायचं नसतं. ते थेट आत जातं, पक्षी बुडतो.

"पंखाचं एवढं नाही," डॉक्टर म्हणाले. "जमिनीवर चालणारा पक्षी आहे. पंख खांद्यातून काढला तरी खुराड्यात वर्षानुवर्षं जगेल. मला काळजी पायांची आहे." त्यांनी तिला हातावर उभं करायचा प्रयत्न केला. दोन्ही पाय मागे लोंबत होते. "ही पाठीवर पडली का?"

मी हो म्हटलं. कशी पडली ते सांगितलं नाही.

कोंबडीच्या जातीच्या पक्ष्यांच्या पाठीतले बरेच मणके एकमेकांत जुळून घट्ट झालेले असतात. पुढचा जुळलेला भाग आणि मागचा जुळलेला भाग यांच्या मध्ये एखादाच मणका सुटा राहतो, आणि मार बसला की तिथेच मोडतो. पण धक्क्यानेही पाय काही तास लुळे पडू शकतात. म्हणून त्यांनी एक कसोटी आखून दिली. सकाळपर्यंत पायांत जोर आला, बोट धरलं, तर पंख काढायचं बघू. आणंदला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे नेता येईल. आज रात्री तो प्रवास तिला झेपणार नाही. पाय तसेच राहिले, तर दयामरण. "सकाळीच या," ते म्हणाले, "उगाच लांबवू नका." हे वाक्य मी घरी आल्यावर वहीत लिहिलं आणि खाली रेघही ओढली.

रात्री १०.३०. उरले १८ तास

बाहेर तुक्कल, म्हणजे आकाशात सोडलेले कागदी कंदील, आणि फटाके. खोका स्वयंपाकघरात, ओट्याखाली. टकल्या कडुनिंबावर एकटा, एका सुरात किरकिरत.

जेवणं झाल्यावर सगळे तिथेच बसले. ह्यांचं म्हणणं, पांजरापोळीत चौकशी करू. तिथे मरेपर्यंत सांभाळतात, कुणी मारत नाही. भाऊजी म्हणाले, "वहिनी, दर रविवारी खाटकाकडून कोंबडी आणताना आपण अशी सभा घेतो का?" त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. आज रविवारच होता, आणि उंधियुं होतं म्हणून कोंबडी आणली नव्हती, एवढंच. आई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "जो जीव आपल्याला घालता येत नाही, तो काढायचा हक्क आपल्याला कोणी दिला?"

हा प्रश्न याच गुजरातेत, शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, १९२८ साली जवळजवळ याच शब्दांत विचारला गेला होता. साबरमती आश्रमाच्या गोशाळेत एक वासरू जायबंदी होऊन पडलं होतं. जनावरांच्या डॉक्टरने आशा सोडली होती. कुशीवर वळवलं तरी त्याला वेदना असह्य व्हायच्या. गांधीजींनी आश्रमातल्या मंडळींशी चर्चा केली. एका शेजाऱ्याने ठाम विरोध केला: जे निर्माण करता येत नाही ते नष्ट करायचा अधिकार नाही. गांधीजींनी अखेर आपल्यासमोर डॉक्टरांकडून विषाचं इंजेक्शन देववलं, आणि दोन मिनिटांच्या आत सगळं संपलं. ३० सप्टेंबर १९२८ च्या 'नवजीवन'मध्ये त्यांनी त्यावर 'पावकनी ज्वाळा' हा लेख लिहिला आणि संतापलेल्या पत्रांचा ढीग ओढवून घेतला. त्यांचा मुद्दा असा होता की हिंसा कृतीच्या नावात नसते, कुणाच्या सुखासाठी ती केली त्यात असते.

हे मी आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते गांधी होते. तू कोण?"

अकरा वाजता सभा उठली. ठरलं काहीच नाही. डॉक्टरांनी नियम घालून दिला होता, पण घराने तो मान्य केला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मीही.

सोमवार, १५ जानेवारी, पहाटे २.३०. उरले १४ तास

झाकण जरा सरकवून पाहिलं. चित्री जागी होती. गळा आत ओढलेला, पिसं फुगवलेली, प्रत्येक श्वासाला शेपूट वर-खाली होत होतं. तो श्वासाला कष्ट पडत असल्याचा इशारा. आवाज अजिबात नव्हता. दिवसभर मीटरवाल्यावर ओरडणारी कोंबडी इतकी गप्प, याचं मला तेव्हा बरं वाटलं. दुखणं थांबलं असेल, असं समजले. शिकार होणारे पक्षी दुखणं लपवतात. कळपात जो कण्हतो तोच आधी उचलला जातो, म्हणून गप्प बसणं त्यांच्या रक्तात आहे.

मी तळहातावर बाजरीचे दाणे धरले. तिने मान पुढे केली आणि तीन दाणे टिपले. वहीत लिहिलं आहे: '२.३५, ३ दाणे खाल्ले!!' दोन उद्गारचिन्हं आहेत. त्या तीन दाण्यांवर मी पुढचे अकरा तास काढले.

सकाळी ६.३०. उरले १० तास

उजाडलं नव्हतं. मुलगा उठून आला. आम्ही तिला ओट्यावर घेतलं. डॉक्टरांनी दाखवलं होतं तसं मी बोट तिच्या पंजाखाली दिलं. झाडावर झोपणारा पक्षी बोट लगेच धरतो. पंजा उघडा तो उघडाच राहिला. मग मुलाने तिच्या मधल्या बोटाला हलका चिमटा काढला. पाय झटक्यात वर गेला.

"आई! हलला! पाय हलला!"

मीही हसले. पण हसता हसता मला तिचा चेहरा दिसला. डोळा मिटला नाही, मान वळली नाही, पाय जणू दुसऱ्याच कुणाचा होता. मणका मोडला त्याच्या खालचा मज्जारज्जू आपल्या आपण पाय ओढतो, त्याला डोकं लागत नाही. चिमट्याची खबर वर पोचलीच नव्हती. काल संध्याकाळी डॉक्टरांनी हेच समजावलं होतं: पाय हलणं वेगळं, पायाला कळणं वेगळं.

कसोटी लागली होती. उत्तर आलं होतं. सकाळीच या, असं वहीत रेघ ओढून लिहिलेलं होतं. मी मुलाला म्हटलं, "दुपारपर्यंत बघू. दाणे खाल्लेत ना तिने."

सकाळी ९.३०. उरले ७ तास

वासी उत्तरायण, पुन्हा भोंगे. घरात मात्र संक्रांत. आईंनी देवापुढे तिळगूळ ठेवला, समोरच्या बेन वाटी घेऊन आल्या, आम्ही त्यांना वाटी दिली. बेनना खोका दाखवला. त्या वैष्णव. त्यांनी हात जोडले आणि विचारलं, "हिला दुखत असेल ना?" मारावं की मारू नये, हे त्यांनी विचारलंच नाही. आदल्या रात्री आमच्यापैकी एकानेही हा प्रश्न विचारला नव्हता. आम्ही सगळे हक्काबद्दल बोललो होतो. खाटिक, पांजरापोळ, गांधी. जिच्याबद्दल बोलत होतो ती ओट्याखाली होती.

मी केंद्रावर फोन लावला. पाय तसेच आहेत, पण खाते आहे, असं सांगितलं. डॉक्टर क्षणभर थांबले. "बेन, पक्षी मरताना पण दाणा टिपतो. आत्ता आणा. नाहीतर मग चारनंतर, मध्ये इथे फार गर्दी होईल."

मी चारनंतरची वेळ घेतली.

दुपारी १.३०. उरले ३ तास

ऊन तापलं होतं. खोक्यातून गोडसर वास येत होता. पट्टी बदलायला मी पंख उचलला. पंखाच्या मुळाशी, पिसांच्या आत पांढरं काहीतरी चिकटलं होतं, बारीक रव्याचा चमचाभर गोळा ठेवावा तसं. मी बोटाने बाजूला करायला गेले तेव्हा कळलं, ती माश्यांची अंडी होती. काल रात्रीपासून झाकण सरकवून आम्ही जितक्यांदा बघितलं, तितक्यांदा दार उघडं ठेवलं होतं. उबेत त्यांच्या अळ्या व्हायला एक दिवससुद्धा लागत नाही.

मानेखालची कातडी फुगली होती. बोट लावलं की कागद चुरगळल्यासारखी करकरत होती. हाडातून बाहेर पडणारा श्वास कातडीखाली साठत होता. चोच उघडी. डोळा माझ्याकडे होता, तरी ती माझ्याकडे बघत नव्हती.

आई दारात उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं, आत गेल्या, शाल घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "चल. मी पण येते."

सकाळपासून त्या एकदाही नको म्हणाल्या नव्हत्या. थांबले होते ती मी. सभा, श्रद्धा, आईंचा विरोध, ही सगळी नावं मी माझ्या थांबण्याला दिली होती. खरं कारण धुण्याच्या दगडावर होतं. तिला मरण द्यायचं म्हणजे काठीने दोरा मी ओढला हे कबूल करायचं. ती जगली असती तर मी सुटले असते. त्यासाठी तिने सात तास जास्त सोसले.

दुपारी ३.३०. उरला १ तास

स्कूटरवर मी मागे, मांडीवर खोका. आई भाऊजींबरोबर रिक्षात. त्या दोन दिवसांत बडोद्यातल्या दुचाकींना पुढे लोखंडी सळीची कमान लावलेली असते, दोरा गळ्यावर येऊ नये म्हणून. ह्यांच्या गळ्यात मफलरचे दोन वेढे. माणसाने आपल्या गळ्याची सोय केलेली आहे.

दुपारी ४.१०. उरली २० मिनिटं

डॉक्टरांनी संमतीचा कागद पुढे केला. सही मी केली. मग विचारलं, कायद्यात बसतं ना हे? ते म्हणाले, १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यातच असं जनावर गृहीत धरलं आहे, ज्याला जिवंत ठेवणं हीच क्रूरता ठरेल.

हे घरी करता येतं का, असंही लोक विचारतात, त्यांनी सांगितलं. पाण्यात बुडवणं, फ्रीजरमध्ये ठेवणं, क्लोरोफॉर्मचा बोळा, हे सगळं छळ आहे. कोंबडीएवढ्या पक्ष्याची मान एका झटक्यात निखळवणं ही मान्य पद्धत आहे, पण ते ज्याचा हात बसलेला आहे त्यानेच करावं. शिकाऊ हाताचा अर्धा झटका म्हणजे आणखी एक जखम.

आधी छातीच्या मांसात भुलीचं इंजेक्शन. चार-पाच मिनिटांत चित्रीची मान माझ्या मनगटावर सैल पडली. डॉक्टरांनी पायाला चिमटा काढला, मग पापणीला बोट लावलं. दोन्हीकडे काही नाही. नंतर चांगल्या पंखाच्या आतल्या बाजूची पिसं ओली करून त्यांनी शीर दाखवली, निळी, कातडीच्या अगदी लगत. दुसरी सुई तिथे गेली.

आईंनी तिच्या डोक्यावरच्या त्या टकलावर बोट ठेवलं होतं.

दुपारी ४.३०

डॉक्टरांनी नळी लावून एक मिनिटभर ऐकलं आणि मान हलवली. वहीत एवढंच आहे: '४.३०.'

त्यानंतर

परसात कडुनिंबापासून दूर तीन फुटांचा खड्डा खणला, चुना टाकला, वर दगड ठेवला. भुलीच्या औषधाने मेलेला पक्षी उघड्यावर टाकायचा नसतो. कुत्र्याने किंवा घारीने खाल्ला तर तेही मरू शकतात. टकल्या आठवडाभर जेमतेम खायचा. संध्याकाळी फांदीवर बसून त्याची ती एकसुरी किरकिर चालायची. फेब्रुवारीत पादऱ्याहून त्याच्यासाठी दुसरी मादी आणली.

पक्षी, कोंबडी, ससा, काहीही पाळणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. कुठल्या अवस्थेत आपण थांबायचं, हे तो धडधाकट असताना ठरवा आणि लिहून ठेवा: उभा राहत नसेल तर, खालच्या अंगात जाणीव नसेल तर, वाचण्याचा रस्ता डॉक्टरला दिसत नसेल तर. ती वेळ आली की वहीत लिहिलेलं वाचा आणि तसंच करा. त्या तासाला आपलं मन विचारात घेऊ नका. ते स्वतःचा बचाव करण्यात गुंतलेलं असतं.

आणि संक्रांत झाली की झाडावरचे दोरे उतरवा. उत्तरायण दोन दिवसांत संपतं, दोरा झाडावर तसाच राहतो. चित्रीला कापणाऱ्या हिरव्या दोऱ्याचा उरलेला तुकडा मी १६ तारखेला शिडी लावून काढला. त्याच कडुनिंबावरून आणखी सतरा तुकडे निघाले. त्यातले चार आदल्या वर्षीचे होते.